रक्तवाढीच्या गोळ्या

आमची केरिनवहिनी बेशुद्ध पडली. म्हणजे पडलीच नाही. ट्रेंटदादाच्या मते ती घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत फरशीवर जरा लवंडली. तिथंच टाकीतल्या खतपाण्यावर, मातीशिवाय, त्याचा गांजा वाढतो. खोड चिरलं की रक्तासारखा लाल चीक येतो, म्हणून निम्बिन गावच्या गांजाच्या स्पर्धेत त्याचा दरारा. यंदा चीक फिका पडला. दादानं टाकीत बिटाचा रस ओतला, हाडांचा चुरा घातला, शेवटी वहिनीच्या रक्तवाढीच्या गोळ्या विरघळवल्या आणि त्यांच्या डबीत पेपरमिंटच्या गोळ्या भरल्या. महिन्याभरात चीक लालबुंद झाला, वहिनी पांढरीफटक. इस्पितळात तिला कळलं. “तरीच म्हटलं, गोळ्या गार कशा लागतात!” “पण तोंडाला वास छान येतोय ना?” दादा म्हणाला. नर्सनं तपासणीसाठी वहिनीचं रक्त काढलं, तशी दादानं टोपी उतरवली. “सिस्टर, तपासणी आटोपल्यावर सदर रक्त रोपाच्या पोषणार्थ आमच्या स्वाधीन करण्यात यावं, ही नम्र विनंती.”