भिंतीतला पाइप

उज्वलाने पुन्हा तीच कमांड दिली आणि लॅपटॉपने पुन्हा तीच लाल ओळ तोंडावर फेकली.

"काय म्हनतंय?" तिच्या सासूबाईंनी, कुसाबाईंनी, विचारलं. त्या खाली बसून मेथी निवडत होत्या.

"आवाजाची लायब्ररी बसत नाहीये, आई. ही नुसती वरवरची आहे. खरा आवाज काढणारी दुसरीच, ती सिस्टिममध्ये आधी हवी. नळ आणलाय आणि भिंतीत पाइपच नाही, असं झालंय."

"मग ऱ्हाऊ दे की. काय अडलंय?"

अडलं होतं तर. पक्षाघाताने धोंडीरामआप्पांची, तिच्या सासऱ्यांची, वाचा गेली त्याला वर्ष होत आलं. उजवा हातही गेला. डावं बोट तेवढं चालायचं. मोबाइलवर त्या बोटाखाली चार-चार अक्षरं दाबली जायची, म्हणून उज्वलाने लॅपटॉपच्या पडद्यावर पेढ्याएवढी अक्षरं मांडली होती. आप्पांनी बोट ठेवायचं, लॅपटॉपने बोलायचं. नोकरी सांभाळून हा उद्योग कशाला, असं हर्षल म्हणाला, तेव्हा तिने नवऱ्याला सरळ गप्प केलं. सासूबाईंना आप्पांचा एक तरी शब्द ऐकवायचाच, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

कुसाबाईंना म्हणे त्याची गरज नव्हती. "मला कळतं की त्यांचं समदं. दिंडोरीला व्हतो तवाबी कधी नावानं हाक मारली नाय. भुवई वर केली की पाणी, बोट दाखवलं की चहा. सगळा जन्म त्याच्यावरच गेला."

आत्ताही आप्पा पलंगावरून भुवया उंचावून बघत होते. त्यांनी कुसाबाईंकडे बोट दाखवलं, मग उज्वलाकडे पाहिलं.

"झाली चहाची वेळ," म्हणत कुसाबाई उठल्या. आप्पांनी चहा अर्धाच घेतला आणि पुन्हा तसंच बोट दाखवलं. हल्ली त्यांचं असंच चालायचं.

"किती चहा प्यावा मानसानं," कुसाबाई कौतुकाने म्हणाल्या.

उज्वला कामाला भिडली. खालची लायब्ररी आणली, तर तिला आणखी एक फाइल हवी. ती आणली, तर आवृत्ती जुळेना. "बघतेच तुला," ती लॅपटॉपला म्हणाली. सगळं काढून टाकलं आणि मुळापासून बसवायला घेतलं, आधी सिस्टिममधलं, मग वरचं. दुपारी लाल ओळ एकदाची गेली. तिने एक शब्द टाइप केला आणि लॅपटॉप सपाट, पण स्वच्छ मराठीत बोलला, "नमस्कार."

कुसाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हात पुसून, पदर सारखा करून त्या पलंगासमोर येऊन बसल्या.

"चहाच मागतील बघ," त्या म्हणाल्या. मग हळूच, "नाव घेतलं ना, तर लय बरं वाटंल गं."

उज्वलाने लॅपटॉप आप्पांपुढे धरला. त्यांनी नेहमीसारख्या भुवया उंचावल्या, नेहमीसारखं कुसाबाईंकडे बोट दाखवलं.

"बघ. म्हनलं नव्हतं?" त्या हसल्या आणि उठायला लागल्या.

"थांबा आई, लिहितायत."

बोट अक्षरांवर आलं. थरथरत, थांबत, एकेक अक्षर दाबत गेलं. कुसाबाईंना वाचता येत नव्हतं. त्या कान देऊन बसल्या होत्या, आणि उज्वला त्यांच्याच तोंडाकडे बघत होती.

"या बाई कोण?" लॅपटॉपने विचारलं.