भुलीच्या आधीचा प्रश्न

“याआधी कधी भूल दिली होती का तुम्हाला?” भुलीच्या डॉक्टरबाईंनी हा प्रश्न काल सकाळी विचारला होता, आज पुन्हा विचारला. काल रोहिणी चटकन “नाही” म्हणाली होती. आज तिचा आवाज फुटेना. रात्रभर तिच्या घशात नळी होती.

काल पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं. भुलीचं औषध शिरेत गेलं मात्र, अंग लालभडक झालं, घसा आतून सुजला, नाडी हाताला लागेना. खडे राहिले जागच्या जागी. बाईला तेवढं यमाच्या दारातून ओढून आणलं. “औषधाची जबर ॲलर्जी आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पूर्वी असं झालं असेल तर सांगा. कोणतं औषध बाधलं, ते शोधायला बरं पडेल.”

रोहिणी नकारार्थी मान हलवणार, तेवढ्यात पायथ्याशी बसलेल्या तिच्या आईने, तुकाबाईने, पदर तोंडाला लावला.

“झालं व्हतं, म्याडम. चार वर्साची असंल. हात मोडला व्हता. भूल दिली आन् अशीच लाल झाली, मग निळी पडली. डॉक्टर म्हनलं व्हतं, पुन्यांदा कुटं भूल द्यायची झाली तर आदी सांगा.”

रोहिणीला वाटलं, आपण अजून शुद्धीवर आलोच नाही. लहानपणी ताप डोक्यात गेला म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं, एवढंच तिला घरात सांगितलेलं.

“आई, काल तू हितंच व्हतीस,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “त्यांनी विचारलं तवा माझा हात धरून बसली व्हतीस.”

“तुझ्या सासूबाई शेजारी उभ्या व्हत्या ना गं. लग्नात लपवलेलं, आता कोणत्या तोंडानं सांगू? पोरीत खोट हाय म्हनल्यावर कोन पत्करतंय? म्हनलं, लहानपनचं हाय, गेलं असंल.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. या मुठीत पोरीचा जीव होता, एवढंच तुकाबाईच्या ध्यानात राहिलं नाही.

रोहिणीने भीत भीत खिडकीपाशी बसलेल्या सासूकडे, साळुबाईंकडे पाहिलं. आता ही बाई घर डोक्यावर घेणार! पण साळुबाई उठल्या आणि विहिणीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “रडू नका, ईनबाई. आमाला लग्नाआदीच ठावं व्हतं. गेणभाऊनी सोयरीक जुळवली, तवाच कानावर घातलं व्हतं त्यांनी. तुमी इतकी वर्सं झाकलंय, ते चारचौघात आपन कशाला उघडं करायचं, म्हनून मी काल गप ऱ्हायले. आई हाय, सांगायचं तर तीच सांगंल, म्हनलं.”

“लई मोठं मन तुमचं,” तुकाबाई म्हणाली आणि विहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळेपणी रडली.

विहिणीने विहिणीचा मान राखला आणि दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिला. डॉक्टरबाईंनी आळीपाळीने दोघींकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि त्या निघून गेल्या. रोहिणीचं अंग रागाने जळत होतं. सासू कडाकडा भांडली असती तरी चाललं असतं. सोयरीक जुळवणाऱ्याला ठाऊक, सासरी ठाऊक, माहेरी ठाऊक; टेबलावर जिला झोपवलं, तिलाच काय ते ठाऊक नव्हतं. एवढी फसवणूक तिची शत्रूनेही केली नसती.

“तपासण्या झाल्या की ऑपरेशन पुन्हा करावं लागेल, ताई,” सलाईनची बाटली बदलता बदलता सिस्टर म्हणाली. “तेव्हाही जवळचं माणूस सोबत पाहिजे हां. पेशंटची सगळी माहिती असणारं.”

“आमी हाय की दोघी!” डोळे पुसत विहिणी एकदमच म्हणाल्या.

रोहिणीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“सिस्टर,” ती म्हणाली, “परकं चालंल का?”