चांगल्या जंतूंची पुडी

जोतीराम गुरुजींच्या दीड वर्षाच्या नातवाला जुलाब लागले. गुरुजी स्वतः टेंभुर्णीला जाऊन प्रोबायोटिकच्या पुड्या घेऊन आले आणि सवयीप्रमाणे सुनेला नीट समजावून सांगू लागले.

"सोनम, यात पोटाला लागणारे चांगले जंतू असतात. आता याला पाणी पाजू नको. पाण्याबरोबर ते सगळे वाहून जातील."

"पण मामा, लेकराचे ओठ लई सुकल्यात की."

"मला शिकवू नको. छत्तीस वर्षं पोरं शिकवलीत मी."

मात्र दिवसभरात चार-पाचदा सोनम लेकराला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दर वेळी तिनं आतून कडी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच पूर्ववत झाली.

"पोर ठणठणीत आहे. पुड्यांनी फारसा फरक पडत नाही हो गुरुजी, याला पाण्यानं तारलं. कोण पाजत होतं?"

गुरुजींची मान खाली गेली. सोनम चाचरत म्हणाली, "मी. साखर-मीठ घालून. मामांच्या चोरून."

"शाब्बास! कुणी शिकवलं तुला?"

सोनमनं सासऱ्यांकडे न बघता पदर सावरला.

"गुरुजींनीच की. मी चौथीला होते तवा सगळ्या वर्गाला एकेक चमचा चाखायला लावला होता त्यांनी. म्हणाले होते, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट होऊ द्यायचं नाही."