टिचबटणांचा शर्ट

बायकोनं पिशवीतून शर्ट काढून दवाखान्याच्या पलंगावर पसरला आणि घड्याळजींना घाम फुटला.

निळ्या रेघांचा तो त्यांचा चांगला शर्ट. उजवी बाही मानेपासून मनगटापर्यंत उभी उसवलेली, आणि दोन्ही काठांना ओळीनं टिचबटणं.

“अगंबाई, काकू!” रक्तदाब बघायला आलेल्या नर्सबाई थबकल्या. “हे कुणाचं डोकं?”

“माझंच. सातही शर्टांना लावलीत.” बायको जराशी लाजली. “आता ऑपरेशननंतर हात ओढायलाच नको. बाही नुसती गुंडाळायची आणि दाबून मिटवायची. मागच्या खेपेला माझ्या धसमुसळेपणानं यांच्या खांद्यातली शिवण तुटली ना! बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.”

“आधी सुचलं असतं तर काकांचा खांदा परत उघडावा लागला नसता हो,” नर्सबाई हसत म्हणाल्या.

बायकोही हसली. डोळे मात्र तिनं शर्टावरून उचलले नाहीत.

बारा दिवस हेच चाललं होतं. डॉक्टरांपुढे, लेकीपुढे, जिन्यात भेटलेल्या शेजारणीपुढेसुद्धा ती न विचारता कबुली देत सुटली होती. आणि घड्याळजी मूग गिळून बसले होते.

अर्ध्या तासात ऑपरेशनला न्यायला येतील, असं सांगून नर्सबाई गेल्या.

“अगं, ऐक.”

“दुखतंय का?” ती लगेच वाकली.

“नाही. त्या सोमवारी सकाळी मी खाली आपल्या दुकानात गेलो होतो. तू अंघोळीला गेलीस तेव्हा.”

“बरं, मग?”

“समोरचा चष्मेवाला म्हणाला, ‘काय घड्याळजी, वेळ संपली वाटतं तुमची?’ चार माणसं हसली. मी हात अडकवलेली गळ्यातली झोळी काढली आणि शटर उचललं.”

“डाव्या हातानं?”

“दोन्ही. अर्ध्यावर गेलं आणि खांद्यात काहीतरी तटकन तुटलं. तिथंच कळलं मला.”

ती स्टुलावर बसली. मनाशी त्या दिवसाच्या वेळा जुळवू लागली.

“पण तुम्ही ओरडलात ते संध्याकाळी. मी बाही चढवताना.”

घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून तासन्‌तास बसणारा माणूस, पण आत्ता त्यांना स्वतःचा हात कुठं ठेवावा ते कळेना.

“थांबलो होतो,” ते म्हणाले. “तू हात लावेपर्यंत.”

ती रडेल, आवाज चढवेल, निदान कपाळावर हात तरी मारून घेईल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. ढकलखुर्चीची चाकं दारावरून करकरत पुढे निघून गेली.

“त्या दुपारी तुम्ही भाजी दोनदा मागून घेतलीत,” ती म्हणाली. “मी मनात म्हटलं, चला, भूक लागली. आता बरे होणार हे.”