नुसतं बघून

पोटात वाकून पाहत मोठे डॉक्टर एवढंच म्हणाले, "पसरलंय. शेवटचं इंजेक्शन भर."

टेबलावर हवालदार भुलीत उताणा पडला होता, जीभ बाहेर. हवालदार म्हणजे कुत्रा. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दरडावायचा, म्हणून हे नाव. त्याच्या प्लीहेत नारळाएवढी गाठ होती. ती धाकट्या डॉक्टरनं, म्हणजे मोठ्यांच्या लेकीनं, नुकतीच प्लीहेसकट काढून ट्रेमध्ये ठेवली होती. गाठ निघाली तसं लिव्हर नीट दिसलं, आणि त्यावरचे चार-पाच काळपट फुगवटेही.

"कशावरून पसरलंय, बाबा?"

"कशावरून म्हणजे? दिसतंय की धडधडीत!"

मोठे डॉक्टर नुसतं बघून सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. लोक लांबून त्यासाठीच यायचे, आणि खरं सांगायचं तर बाबांनाही त्याचा भारी अभिमान.

"मालकानं बजावलंय ना, पसरलं असेल तर उठवू नका म्हणून? मग उगाच घोळ घालू नकोस."

लेकीनं हातमोजे काढले. "श्वासाकडे लक्ष ठेवा. आलेच मी. आणि इंजेक्शन भरू नका."

"अगं ए!"

ती बाहेर गेलीसुद्धा.

बाकावर मालक बसला होता. ट्रक चालवणारा आडदांड गडी, पण चेहरा पार उतरलेला. तिला बघताच उठला.

"पसरलं?"

"लिव्हरवर गाठी आहेत. बाबा म्हणतात, पसरलंय. मी म्हणते, माहीत नाही."

"अहो, तुम्ही डॉक्टर ना?"

"म्हणून तर सांगते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या लिव्हरवर साध्या गाठीसुद्धा येतात. त्यांनी काही होत नाही. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. तुकडा काढून तपासायला पाठवला तरच कळेल."

"किती दिवस?"

"आठवडा."

तो पुन्हा बसला. "डॉक्टर, माझ्या बायकोचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता. शेवटी शेवटी पाणी पोटात ठरेना. मी सगळं बघितलंय. ह्या मुक्या जिवाला ते नको. आत्ता झोपेत आहे, त्याला कळणारही नाही."

तिला क्षणभर वाटलं, बाबांचं ऐकावं आणि मोकळं व्हावं. पण ती त्याच्या शेजारी बसली.

"वाईट निघालं, तर मी स्वतः तुमच्या घरी येईन. तुमच्या मांडीवर त्याचं डोकं असेल तेव्हाच इंजेक्शन देईन. शब्द देते. पण आज अंदाजावर नाही मारणार मी त्याला."

"आणि मी मारा म्हटलं तर?"

"तर मी तुमच्याशी भांडेन. आत पोट उघडं आहे, म्हणून थोडक्यात भांडेन."

त्याला रडता रडता हसू फुटलं. त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"काय हट्टी बाई आहात हो तुम्ही! जा. उठवा त्याला."

ती आत आली तेव्हा बाबा हवालदारच्या छातीवर हात ठेवून उभे होते. इंजेक्शन भरलेलं नव्हतं. तिनं नवे हातमोजे चढवले, प्लीहेच्या गाठीचा तुकडा एका बाटलीत टाकला आणि लिव्हरकडे वळली. बाबांनी दुसरी बाटली उघडली.

"किती मोठा लागतो गं तुकडा?" त्यांनी विचारलं.

तिनं चमकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत बाबांनी तुकडा कधी पाठवलाच नव्हता, हे तिला आत्ता कळलं.

"नखाएवढा पुरे."

तिनं कापायला सुरुवात केली. बाबा बाटलीकडेच बघत होते.

"साधी गाठ निघाली," ते हळूच म्हणाले, "तर मला सांगू नकोस."

"सांगणार," ती म्हणाली. "बाटली नीट धरा, बाबा."