पुरा वाटा

“एवढ्या उन्हात खंय चललंस गो? गप निजान रव!” मामी ओरडेपर्यंत ऊर्वी कपाळाला ओलं फडकं करकचून बांधून किनाऱ्याकडे पळालीसुद्धा.

मे महिन्याची अख्खी सुट्टी या मेल्या अर्धशिशीनं खाल्ली होती. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि समुद्र नुसता कानांनी ऐकायचा! म्हणून दिवाळीला पुण्याहून मालवणात उतरतानाच तिनं ठरवलं होतं, या खेपेला रापण ओढायचीच. जाळ्याच्या दोराला जो हात लावेल त्याला मासळीचा वाटा, असा गावचा रिवाजच होता.

वाळूवर माणसांच्या दोन रांगा दोर खेचत होत्या. ती मामाच्या मागे घुसली. दर हिसक्याला उजव्या डोळ्यामागे घणाचे घाव पडत होते. मध्येच ती बाजूला धावली, भडाभडा ओकली, समुद्राच्या खाऱ्या पाण्यानंच चूळ भरली आणि परत येऊन दोर धरला.

“सोड गो बाय, घराक जा,” मामा कळवळला.

“तू ओढ रे मामा, मागे बघू नकोस!”

जाळं काठाला लागलं. बांगडे चमचमत तडफडू लागले. वाटे पडले, तेव्हा मामानं तिच्यापुढे इतरांच्या निम्मेच बांगडे टाकले.

“आजारी माणसाक अर्धो वाटो पुरे,” तो म्हणाला, आणि सगळा किनारा हसला.

ऊर्वीनं एक डोळा मिटून घेतला आणि कमरेवर हात ठेवले.

“डोकं अर्धं दुखतंय, मामा. दोर मी दोन्ही हातांनी ओढलाय. पुरो वाटो घाल!”