तहानेची वाट

डॉक्टरबाईंनी सिरिंजमध्ये पाणी भरले आणि काचेच्या पेटीचे झाकण काढले. आत वाळूवर बोटभर लांबीची सरड्याची मादी डोळे मिटून पडली होती. वाळवंटातून आणलेल्यांपैकी ही शेवटची, पोटात अंडी. पाण्याची वाटी आठवडाभर नाकासमोर होती, पण तिने त्या वाटीकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

“जबरदस्तीने नको,” तरुण संशोधक हळूच म्हणाला. “आधीचा नर तसं पाजतानाच हातात दगावला.”

“मग काय, हिची समजूत घालू? आणि मौनीबाबा, तुम्हाला आज कंठ फुटला म्हणायचा.”

“मला एकदा प्रयत्न करू द्या.”

“कर. पण हिने मान टाकली, तर मी थांबणार नाही.”

त्याच्या मनात वाळवंटातली एक पहाट घोळत होती. दवाने भिजलेल्या वाळूवर असाच एक सरडा पाय ताठ करून, पाठीला कुबड काढून, तोंड खाली घालून उभा होता. ‘स्वारी रागावलीय,’ म्हणून तो आणि डॉक्टरबाई हसले होते आणि तो धमकावण्याचा पवित्रा आहे, असे ठरवून मोकळे झाले होते. पण धमकावणार कुणाला? समोर तर कुणीच नव्हते.

त्याने वाटी उचलली आणि तिच्या पायांखालच्या वाळूत हलकेच रिती केली.

काहीच घडले नाही. डॉक्टरबाईंचा हात पुढे सरकला.

तेवढ्यात तिने पाय ताठ केले. पाठ उंचावली, मान वाकली. पंज्यांपासून तिची कोरडी, फिकट कातडी गडद होऊ लागली. खवल्यांमधल्या बारीक चरांतून पाणी वर चढत होते: मांड्यांवर, कुशीवर, पाठीवर, मग मानेवरून ओठांच्या कोपऱ्यांकडे. जबडा हलला. पुन्हा हलला.

“अरे, ही अंगाने पितेय,” डॉक्टरबाई कुजबुजल्या. “आणि आपण तोंड शोधत बसलो.”

तो नुसताच हसत राहिला.

“दात काय काढतोस? वाळू सुकतेय. थांब, मीच आणते,” म्हणत त्या नळाकडे धावल्या. “अंडी घालणार बघ ही. घालणारच.”

मादीने एक डोळा उघडला, दारात उगाच ताटकळलेल्या माणसाकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहिले, आणि पुन्हा पिऊ लागली.